एका हाताची होडी

“मग आता दोर धरायला दुसरा माणूस कशाला हवा?” जयवंतने विचारलं.

लतीफबाबा होडीत वाकून बघत होते.

बाबा खाडीच्या तोंडाशी एका झोपडीत राहत. तरुणपणी शिडाच्या गलबतांवर फिरलेले, मग फकिरी घेतलेली. लोक त्यांच्याकडे मनाची शांती मागायला येत. जयवंत मात्र फार पूर्वी होडी शिकायला आला होता. बाबांनीही त्याला होडीखेरीज दुसरं काही शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी धक्का आणि होडी यांच्या मधे सापडून त्याचा डावा हात चेंगरला. हात राहिला, पण बोटं मिटेनाशी झाली. तेव्हापासून उजवा हात सुकाणूवर, आणि शिडाचा दोर धरायला पुढे कोणीतरी बसलेलं. कधी भाऊ, कधी शेजारी. त्यांना सवड असेल तेव्हाच समुद्र.

हे त्याला सोसत नव्हतं.

म्हणून पावसाळाभर तो होडीशी झटला. आता शिडाचा दोर कप्प्यांमधून फिरत थेट मागे, सुकाणूपाशी येत होता. तिथे त्याने सागाची एक दातेरी खाच ठोकली होती. दोर ओढायचा, खाचेत दाबायचा. खाच दोर धरून ठेवणार, हात सुकाणूला मोकळा.

“ओढून बघा ना, बाबा. एका हाताने येतं.”

बाबांनी ओढलं. शीड आत आलं. दोर खाचेत दाबला, तो तसूभरही सरकला नाही.

“झकास केलंयस.”

जयवंतचे कान तापले. बाबा असं सहसा म्हणत नसत.

“आता मला कोणाचीच गरज नाही,” तो म्हणाला.

“…चल. मला फिरवून आण.”

वारा वायव्येचा होता, चांगला भरलेला. किनारा सुटला आणि होडी एका कुशीवर कलून धावायला लागली. काठावरून पाणी उडत होतं. नाळेखाली, होडीच्या पुढच्या टोकाशी, फेस वाजत होता. जयवंतने दोर आणखी ओढला, खाचेत दाबला. होडी आणखी पळाली. त्याच्या छातीत काहीतरी उसळत होतं. वर्षभर तो असा एकट्याच्या जोरावर धावला नव्हता.

“बघताय ना, बाबा?”

“बघतोय. अजून ओढ.”

त्याने ओढला.

बाबांनी डोक्याचा फेटा उतरवून फळीखाली सारला.

“तो का काढला?”

“भिजेल.”

एवढं बोलून बाबा काठावरून मागे कलले आणि पाण्यात गेले.

जयवंतला क्षणभर काही कळलंच नाही. मागे लाटांत पांढरं डोकं वर आलं, आणि लगेच लांब राहिलं. होडी सुसाट चालली होती.

म्हातारा पोहणारा होता, पण ओहोटी लागली होती.

सुकाणू काखेत दाबून त्याने दोराला हिसका दिला. दोर निघेना. वारा शिडाला खेचत होता, शीड दोराला, आणि सागाचे दात दोरात रुतत चालले होते. ओढून घट्ट करायची सोय त्याने पावसाळाभर घोटली होती. भर वाऱ्यात सोडायची वेळ येईल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्याने पुन्हा हिसका दिला. तळव्याची साल निघाली.

मागे पाहिलं. डोकं दिसेना… मग दिसलं.

त्याने सुकाणू सोडून दिलं.

होडी आपणच वळली. नाळ वाऱ्याच्या तोंडाला आली, शीड फडफडलं, दोर सैल पडला आणि हलक्या हाताने खाचेतून बाहेर आला. तो त्याने पुन्हा खाचेत घातला नाही. मुठीतच ठेवला. सुकाणूला गुडघा लावला आणि होडी फिरवली. आता वाऱ्याचा प्रत्येक झटका दोरातून थेट त्याच्या खांद्यापर्यंत येत होता. झटका आला की तो दोर जरा सोडी, गेला की ओढी. बाबांच्या जवळ येताच त्याने नाळ वाऱ्यात घातली. होडी थबकली.

बाबा पाण्यात आडवे तरंगत होते. दम लागलेला, पण डोळे चमकत होते.

“हात दे.”

जयवंत उजव्या मुठीतला दोर सोडायला निघाला.

“तो नको. तो कामात आहे.”

“बाबा, डाव्यात जोर नाही. धरताच येत नाही त्याने.”

“मला धरता येतं.”

वर्षभर जयवंतने तो हात कोणासमोर पुढे केला नव्हता. बाहीत लपवून असायचा. आता त्याने तो पाण्यावर लांब केला. बाबांनी मनगट पकडलं, सुकाणूच्या खुंटीवर पाय ठेवला आणि दोघांच्या धडपडीत ते होडीत येऊन पडले.

काही वेळ दोघे नुसते धापा टाकत राहिले. मग जयवंतला हसू फुटलं. ते थांबेचना. बाबाही हसायला लागले.

“बुडाला असतात तर?”

“तू आलास ना.”

“…घरी गेलो की पहिली ती खाच उखडतो.”

“कशाला? चांगली आहे.”

“पण दोर सुटला नाही तिच्यातून.”

“सुटला की. सुकाणू सोडलंस तेव्हा.”

जयवंतचं हसू ओसरलं. त्याने मुठीतल्या दोराकडे पाहिलं, मग सुजलेल्या डाव्या मनगटाकडे. तिथे बाबांच्या बोटांचे वळ उमटले होते. तो हात त्याने बाहीत घातला नाही.

समोर खाडीचं तोंड उघडं होतं, पलीकडे निळा समुद्र. वारा अजून भरलेला होता. बाबा ओली लुंगी पिळत बसले होते. त्यांना थंडी वाजेल म्हणून जयवंतने होडी किनाऱ्याकडे वळवली.

“तिकडे कुठे?” बाबा म्हणाले. “आत्ता तर आपण निघालोय.”