एका हाताचा अर्धा वाटा

पूर्वी शूर्पारक नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथून दक्षिणेला एका कोळ्यांच्या वस्तीत जन्माला आला. त्याचं नाव रोहक. आईबापांनी पोटाला चिमटा काढून त्याला तक्षशिलेला पाठवलं. तिथे त्याने गुरूंना विचारलं, "राजाने जे दान दिलं ते मुळात राजाचं नव्हतंच, तर त्याला दान म्हणायचं का?" गुरूंनी त्याला लाकडं फोडायला पाठवलं. लाकडं फोडून आल्यावर त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि गुरूंनी पुन्हा लाकडांकडेच बोट दाखवलं. तेव्हा तो विद्या अर्ध्यावर टाकून घरी आला. तोवर आईबाप गेले होते. चुलता उग्गत याने त्याला आपल्या घरात जागा दिली.

वस्ती रापणीवर जगत होती. होडी लांबच लांब जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारते, आणि जाळ्याची दोन टोकं दोन दोरांनी किनाऱ्यावरची माणसं ओढून घेतात, ती रापण. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे, अख्खं गाव लागतं. म्हणून रीत अशी होती की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. आंधळा असो, पोटुशी बाई असो, वाटेने जाणारा परका असो. मासे मारून जगणं पुण्याचं नाही हे बोधिसत्त्वाला ठाऊक होतं, पण त्या वस्तीला पोटाचं दुसरं साधन नव्हतं. म्हणून त्याने होडीवरचं काम न मागता वाळूवरचं मागितलं. जाळं किनाऱ्याला लागलं की ढीग घालायचे आणि सारखे वाटे करायचे. त्याच्या वाट्यांवरून कधी भांडण झालं नाही.

वस्तीचा कारभार पाच पंच बघत. सगळ्यांत मोठा पिंगळ आणि पाचवा उग्गत. उग्गत वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत जे जे वाईट झालं ते सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. त्याला प्रत्येकाचा कळवळा येई. कुणाचं पोर आजारी पडलं की याच्या घशाखाली घास उतरत नसे. फक्त पंचांत बसला की तो आधी बाकीच्या चौघांच्या तोंडाकडे बघे, आणि त्यांची मान हलली की त्याचीही हले. अशाने माणूस म्हातारा होईपर्यंत सगळ्यांना आवडतो.

एके वर्षी राजाने त्या किनाऱ्यासमोरचा समुद्र हेमक नावाच्या श्रेष्ठीला दान म्हणून बहाल केला. हेमकाने मोठाल्या होड्या आणल्या आणि बारीक विणीची जाळी उपसागराच्या तोंडावर आडवी लावली. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यातून सुटेनात. पुढच्या हंगामात रापणीत शेवाळ यायला लागलं.

पंच बसले.

"मासा कमी झाला," पिंगळ म्हणाला.

"झाला खरा."

"समुद्राची मर्जी."

बोधिसत्त्व दाराशी उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, ती मर्जी टेकडीवरून दिसते. हेमकाच्या होड्या तोंडावर उभ्या आहेत. एकदा वर चढून बघा."

"माझे गुडघे धरलेत, बाळा," पिंगळ म्हणाला, आणि बाकीचे हसले. उग्गतही हसला. टेकडीवर तो चारदा जाऊन आला होता.

मग पंचांनी ठरवलं की माशांपेक्षा वाटे जास्त झालेत. तेव्हा यापुढे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोर ओढणाऱ्यालाच वाटा. कोरड्या वाळूवरून ओढणाऱ्याला नाही. कोरड्या वाळूवर कोण असतं हे पाचही जणांना माहीत होतं. मागे एका वादळात होड्या गेल्या होत्या, त्यातल्या माणसांच्या विधवा तिथे असायच्या, आणि त्यांची पोरं, आणि ज्यांचे गुडघे खरोखर धरले होते अशा म्हाताऱ्या. हेमकाशी भांडायला छाती लागते. विधवेच्या ताटातला बांगडा उचलायला फक्त हात लागतो. उग्गताला वाटलं, कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने नेहमीसारखेच ढीग घातले. पिंगळाने कोरड्या वाळूवरचे ढीग पायाने मोडले. बोधिसत्त्वाने आपला वाटा उचलला आणि त्या बायकांमध्ये वाटून टाकला. रोजच तो असं करायला लागला. त्यांच्यात उत्पला नावाची एक होती. पिंगळ तिचा चुलतसासरा. तिचा नवरा पिंगळाच्याच होडीवर होता, आणि ती होडी परत आली नव्हती.

"अरे, किती दिवस पुरणार तुझा एक वाटा?" ती त्याला म्हणाली. "आणि तू काय खाणार? तक्षशिलेची हवा?"

"ती तिथेच संपली," बोधिसत्त्व म्हणाला.

शेवटी उत्पला पोराला पाठीशी बांधून कमरेइतक्या पाण्यात उतरली. थंडीचे दिवस होते. पोराला ताप भरला आणि ते गेलं. त्या थंडीत वस्तीतली आणखीही पोरं गेली. उग्गत प्रत्येक घरी जाऊन रडून आला.

उन्हाळ्याच्या तोंडाला राजा किनारा बघायला येणार अशी बातमी आली. राजा येण्याआधी हेमकाचा माणूस वस्तीत आला. पंचांच्या मुलांना श्रेष्ठीच्या होड्यांवर कायमचं काम मिळेल, असं त्याने सांगितलं. उग्गताचा मुलगाही त्यात होता. मग तो माणूस बोधिसत्त्वाकडे वळला.

"तूही ये. माल मोजायला शिकलेला माणूस हवाच आहे. अर्धा शिकलेलाही चालेल."

"मी वाटे करतो," बोधिसत्त्व म्हणाला. "मोजून एकाच्या घरात टाकणं मला शिकवलेलं नाही."

"घरात खायला काय आहे तुझ्या?"

"काही नाही. म्हणूनच."

राजा आला, वाळूवर छत्राखाली बसला आणि त्याने विचारलं, "हेमकाच्या होड्यांमुळे कुणाला काही त्रास?" पंच हात जोडून उभे राहिले. बोधिसत्त्व पुढे झाला आणि त्याने सांगितलं ते सगळं, जाळ्याच्या विणीपासून मेलेल्या पोरांपर्यंत, चढ्या आवाजात न बोलता. राजाशेजारी उभ्या हेमकाचं तोंड उतरलं.

राजा काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "हा एकटा बोलतोय. श्रेष्ठीवर खोटा आळ घेणाऱ्याचा हात तोडायचा, असा आमचा नियम आहे. पण तुम्हा पाचांपैकी एकाने जरी याचं खरं आहे म्हटलं, तर होड्या आजच मागे घेतो आणि चौकशी लावतो. एक जण पुरे."

पिंगळ म्हणाला, "नाही, महाराज. मासा समुद्राच्या मर्जीने जातो." दुसरा म्हणाला, नाही. तिसरा म्हणाला, नाही. चौथा खोकला आणि त्याने नाही अशी मान हलवली.

उग्गताची पाळी आली. त्याच्या डोळ्यांपुढे मुलगा होता, नव्या होडीवर उभा. आणि समोर पुतण्या होता. बोधिसत्त्व त्याच्याकडे बघतही नव्हता. उगाच चुलत्यावर भार नको म्हणून तो पाण्याकडे बघत होता. उग्गताचं काळीज तुटलं, आणि तेवढ्यात त्याला एक वाट सुचली. खरं न बोलताही पोराला सोडवायची वाट.

"महाराज," तो म्हणाला, "हे पोर तक्षशिलेहून अर्धवट परत आलं. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. वेड्याला शिक्षा नको."

राजाने बोधिसत्त्वाकडे नीट पाहिलं. "वेडा माणूस इतकं सरळ बोलत नाही," तो म्हणाला. "पाचही जण नाही म्हणतात, म्हणजे हा शुद्धीत खोटं बोलला."

उजवा हात मनगटापासून तोडला. वाळूवर बसून उग्गताने पुतण्याचं मनगट बांधलं. रडता रडता त्याची गाठ घट्ट बसेना.

"काका, घट्ट बांधा," बोधिसत्त्व म्हणाला. "आणि रडू नका, दिसत नाही तुम्हाला."

"माझ्यावर रागावलास, रोहक?"

"नाही. पण तुम्ही बोलायला हवं होतं."

उग्गताला हे दुसरं वाक्य ऐकू आलं. तरी तो पहिलंच धरून बसला, आणि त्या रात्री त्याला झोप लागली.

जखम भरेपर्यंत बोधिसत्त्व घरात पडून होता. वाटे करायचं काम पंचांनी उग्गताला दिलं. पुतण्याचं काम चुलत्याकडे, घरातल्या घरात. मग एका सकाळी बोधिसत्त्व उठून किनाऱ्यावर आला, कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि डाव्या हाताने दोराला लागला. दोर निसटायला लागला की तो काखेत दाबून धरी. जाळं किनाऱ्याला लागलं. थोडे बांगडे, थोडी तारली, बाकी शेवाळ. ढीग घालताना उग्गत थांबला.

"याचा किती?" त्याने पिंगळाला विचारलं. त्याने विचारायची गरज नव्हती. रीत त्यालाही माहीत होती.

पिंगळाने विचार केला. "दोर दोन हातांनी ओढायचा असतो. याचा एक. अर्धा द्या."

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. उग्गताने अर्धा वाटा केला. एक बांगडा वर उरत होता. तो त्याने सुरीने मधोमध कापला आणि शेपटीकडचा भाग पुतण्याच्या ढिगात टाकला. बोधिसत्त्वाने ढीग टोपलीत भरला आणि नेहमीप्रमाणे जाऊन बायकांसमोर ओतला.

उत्पला उठून पंचांसमोर आली.

"मामंजी," ती पिंगळाला म्हणाली, "हात एक म्हणून वाटा अर्धा. बरोबर आहे. मग राजासमोर ज्यांची जीभच उचलली नाही, त्यांचा वाटा किती?"

"पंचांशी बोलतेस तू."

"पंच कुठे आहेत? मला हेमकाची पाच माणसं दिसतायत. आणि हे उग्गतमामंजी, हे तर मासा कापतानासुद्धा रडतात. आमच्या पोरांना अश्रूंचं कालवण पुरलं असतं तर एकही मेलं नसतं."

एक-दोन जण हसले. उत्पला वळून म्हणाली, "मी जाते. खाली दक्षिणेला जिथे कुणाचं दान पोचलेलं नाही तिथे. यायचं त्यांनी या."

बायका उठल्या. त्यांच्यामागे तरुण पोरं उठली, मग बाकीची वस्तीही. कुणीतरी म्हणालं, जाता जाता जाळं फाडून टाकू. बोधिसत्त्व म्हणाला, "जाळं सगळ्यांचं आहे. मागे राहणाऱ्यांनाही पोट आहे. धुऊन, वाळवून ठेवू आणि मग निघू." त्यांनी जाळं धुतलं, उन्हात वाळवलं आणि दुमडून ठेवलं. तो एका हाताने दुमडत होता.

निघताना तो उग्गताकडे आला. "काका, चला."

"बाकीचे काय म्हणतील?" उग्गत म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. येतो मी."

ती माणसं चालत गेली. वाटेत भुकेने दोन म्हाताऱ्या आणि एक पोर गेलं. ज्या खाडीशी ती थांबली तिथे पहिलं वर्ष कंद उकडून काढलं. बोधिसत्त्वाने तिथे पंच नेमू दिले नाहीत. जे ठरवायचं ते वाळूवर सगळ्यांनी उभं राहून ठरवायचं, आणि ज्याच्या पोटावर येतंय त्याने सगळ्यांत आधी बोलायचं, एवढी एकच रीत त्याने घातली. कर्माप्रमाणे त्याचं आयुष्य तिथे संपलं.

मागे पाच पंच राहिले. त्यांची मुलं हेमकाच्या होड्यांवर होती आणि घरी येत नव्हती. काही दिवस त्यांनी साठवणीतलं खाल्लं. मग एका सकाळी हेमकाच्या होड्या दुसरीकडे गेल्या आणि पाणी माशांनी काळं दिसायला लागलं.

"रापण लावू," पिंगळ म्हणाला.

ओढायला पाच म्हातारे होते. हे जाळं पन्नास माणसांचं आहे आणि ओहोटी लागायला आली आहे, हे उग्गताला दिसत होतं. त्याने चौघांकडे पाहिलं. मग तोही होडीत बसला.

एक दोर त्यांनी किनाऱ्यावर खुंटाला बांधून ठेवला होता, आणि जाळं सोडून परत आल्यावर दुसऱ्यावर पाचही जण लागले. जाळं भरलं होतं, कित्येक वर्षांत भरलं नव्हतं इतकं. हात पुरेनात म्हणून पिंगळाने दोराचं टोक आपल्या कमरेला बांधून घेतलं. ओहोटीने जाळ्याला धरलं. दोर उलटा जायला लागला, आणि पिंगळ त्याच्यामागे पाण्यात ओढला गेला, आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. ओल्या दोराची गाठ त्याला सुटेना.

सुरी उग्गताच्या कमरेला होती. दोर कापला असता तर जाळं गेलं असतं, मासा गेला असता, आणि पिंगळ राहिला असता. उग्गताने सुरीला हात घातला आणि बाकीच्या तिघांकडे पाहिलं, कुणी काप म्हणतंय का. ते तिघे त्याच्याकडे बघत होते. पिंगळही मान वळवून त्याच्याकडेच बघत होता. कोणी काही म्हणालं नाही.

पिंगळ दिसेनासा झाल्यावर त्यांनी हातांतला दोर सोडला. सोडा, असं तेव्हाही कोणी म्हणालं नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात पावसाळ्याच्या वर्षावासात सांगितली. तिथल्या थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, कोरड्या कोठड्या आपल्याकडे ठेवल्या होत्या, नव्या भिक्षूंना गळक्या दिल्या होत्या, आणि एक श्रामणेर, म्हणजे नवशिका लहान भिक्षू, कफाने गेला होता. कथा सांगून शास्त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा मांडलिक. हेमक म्हणजे छप्पर घालायचं कबूल करून न घालणारा उपासक. उत्पला म्हणजे भिक्षुणी सुवेला, जिने ही तक्रार माझ्यापर्यंत आणली. पिंगळ आणि ते तिघे पंच म्हणजे समोर बसलेले चार थेर. उग्गत म्हणजे थेर कोंडक, जो आत्ता मान खाली घालून रडतो आहे. तेव्हाही त्याला हे जमत होतं. आणि रोहक म्हणजे मीच."

इथे सांगितलेला सद्गुण सत्याचा आहे. याला करुणेची कथा म्हणू नये. करुणा त्या वस्तीत उग्गतालाही येत होती.