‘नाही’ म्हणणारा पेशंट

“म्हणजे नक्की कधी, सर? तारीख सांगा, वार सांगा, काहीतरी सांगा की!”

मुजावर सर नंबर तपासायच्या काचा पुसत होते. खोक्यातली एक काच उचलायची, फडक्याने पुसायची, खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि परत खाचेत ठेवायची.

“पेशंट तुला ‘नाही’ म्हणेल त्या दिवशी,” ते म्हणाले.

“काय?”

सरांनी पुढची काच उचलली.

केतकी दुधाणेच्या डोक्यात तिडीक गेली. आता सांगा, माणसाने चिडू नये तर काय करावं? नेत्रतंत्रज्ञाचा डिप्लोमा घेतलेली पोरगी, तीही कॉलेजात पहिली आलेली. डॉक्टरांकडे पाठवण्याआधी पेशंटची नजर तपासायची, फ्रेममध्ये काचा घालून नंबर काढायचा, हे काम तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. आणि कृष्णाकाठच्या या धर्मादाय नेत्र रुग्णालयात ती अजून उमेदवारच!

ऑफिसने तिला स्पष्ट सांगितलं होतं. मुजावर सर ज्या दिवशी ‘ही एकटी तपासेल’ म्हणतील, त्या दिवशी कायमची ऑर्डर. महिनाअखेरपर्यंत म्हणाले नाहीत, तर राम राम. आणि महिनाअखेर तर दारात येऊन उभी होती.

सर काही म्हणायला तयार नव्हते. बरं, चूकही दाखवत नव्हते. नुसते कोपऱ्यातल्या स्टुलावर लवंग चघळत बसून राहायचे. दुसरं कुणी तपासायला बसलं की हेच सर खुशाल समोरच्या टपरीवर जाऊन गप्पा हाणत चहा प्यायचे. केतकी बसली की मात्र चहा खोलीत मागवायचे. तो साय धरून गार व्हायचा, पण सरांचं बूड स्टुलावरून हलायचं नाही. मी काय पेशंटचे डोळे काढून पळून जाणार आहे का, असं तिला ओरडून विचारावंसं वाटायचं.

आणि आता हे ‘नाही’चं खूळ.

“सर, माझे सगळे पेशंट ‘हो’ म्हणतात,” ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. “एकही कुरकुरत नाही. विचारलं की पटकन सांगतात, बरं दिसतंय म्हणून. हे चांगलं की वाईट?”

सरांनी आणखी एक काच उजेडाकडे धरली.

“सर!”

“पुढचा पेशंट घे,” सर म्हणाले.

पुढचा पेशंट दारातच उभा होता. त्या बाईंना बघून केतकीने कपाळावर हात मारला.

त्या होत्या अनुसयाबाई फुलारी. देवीच्या देवळाबाहेर हार करून विकणाऱ्या. केतकीने त्यांना नंबर काढून दिला, चष्मा झाला, तो त्यांनी परत आणला. तिने पुन्हा तपासलं, पुन्हा काचा बदलल्या. आणि आज तोच चष्मा रुमालात गुंडाळून बाई पुन्हा हजर.

“काय झालं आता?”

“दिसतंय तसं बरं, ताई,” बाई दाराला धरूनच म्हणाल्या. “पर सुई ओवंना.”

“पण त्या दिवशी मी विचारलं होतं! याच खुर्चीत! बरं दिसतंय का म्हटलं, तर काय म्हणालात तुम्ही?”

“बरं दिसतंय म्हटलं की.”

“मग?”

बाई खाली बघायला लागल्या. “आता सूनच ओवून देती सगळ्या सुया. तिला बी तिची कामं हायती. परवा म्हणाली, हारांचं राहू द्या आता, घरी बसा. ...घरी बसून काय करू, ताई?”

केतकीला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढं सगळं नीट केलं, पुस्तकात लिहिलंय तसं केलं, आणि दोष कुणाच्या माथी? तिच्या! तोही सरांच्या डोळ्यांदेखत! ती गर्रकन वळली.

“बघितलंत, सर? इथे ‘हो’ म्हणायचं आणि घरी जाऊन चष्मा परत आणायचा. लोक खोटं बोलतात, मग माझा काय दोष?”

सरांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“बस,” ते म्हणाले.

“कुठे?”

सरांनी पेशंटच्या खुर्चीकडे बोट केलं.

“सर, बाहेर एवढी रांग आहे. आणि या बाई...”

“त्या बसतील स्टुलावर. तू तिथे बस.”

अनुसयाबाई सरांच्या स्टुलावर अंग चोरून टेकल्या. केतकी खुर्चीत बसली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. सरांनी तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि डावा डोळा झाकला.

“शेवटची ओळ बघ.”

केतकीची नजर चांगली होती, पण समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ भलतीच बारीक होती. सरांनी खोक्यातली काच काढून फ्रेममध्ये टाकली. खट्.

“ही?”

ती बघायला लागली, तोवर काच निघाली आणि दुसरी बसली. खट्.

“की ही? ही बरी की आधीची? बोला लवकर.” सर एरवी असं बोलत नसत. आवाज चढलेला, आणि हातातलं पेन टेबलावर टकटक वाजत होतं.

“थांबा ना... दुसरी. दुसरी बरी.”

“नक्की?”

“हो.”

“अजून स्वच्छ करून देतो.” खट्. “आता? आता दिसतंय ना एकदम छान? बाहेर लोक खोळंबलेत, पटापट.”

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. पेन वाजतच होतं.

“हो, हो. आता एकदम स्वच्छ.”

“झालं. उठा.”

सरांनी काचा काढल्या आणि तिन्ही तिच्या तळहातावर ठेवल्या.

केतकीने पहिली काच डोळ्यासमोर धरून हळूच इकडेतिकडे हलवली. नंबर असलेली काच हलवली की पलीकडची अक्षरंही हलतात, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. अक्षरं हलली नाहीत. तिने दुसरी हलवली. मग तिसरी.

तक्ता जागचा हलला नाही. तिन्ही साध्या काचा होत्या, बिननंबरच्या.

“पण मला खरंच बरं दिसलं!” ती म्हणाली.

सरांनी काचा तिच्या हातातून घेऊन खोक्यात ठेवल्या.

“सर, आईशप्पथ. दुसरी जास्त स्वच्छ होती. मी खोटं नाही बोलले.”

“नाही बोललीस,” सर म्हणाले.

स्टुलावरून फसकन हसण्याचा आवाज आला. अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण हसू काही आवरेना.

“माझं बी अगदी असंच होतं बघा, ताई,” त्या म्हणाल्या. “तुमी काचा घालता, काढता, घाम आलेला असतो तुमाला. मागं लोक वरडत असत्यात. आन् तुमी इतक्या मायेनं विचारता, आता बरं ना, म्हणून. नको कसं म्हणायचं? जिवावर येतं.”

केतकीचे कान तापले. तिला सरांचा राग आला, बाईंचा आला, त्या टकटक वाजणाऱ्या पेनाचा आला. मग तिचं लक्ष गेलं. ते पेन तिचंच होतं. पेशंट तपासताना ती रोज टेबलावर वाजवायची तेच.

तिने पेन उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

“या, बाई,” ती म्हणाली. “बसा खुर्चीत.”

सर आपल्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांच्या चहावर साय धरली होती.

केतकीने फ्रेम बाईंच्या नाकावर ठेवली. सवयीने तिचा हात वाचायच्या कार्डाकडे गेला, आणि थांबला.

“सुई आहे का तुमच्याकडे?”

“हाय की.” बाईंनी कमरेच्या पिशवीतून हाराची लांब सुई आणि दोरा काढला.

“ओवा. रोज ओवता तशी.”

बाईंनी सुई धरली ती पार खाली, मांडीजवळ. केतकी बघतच राहिली. कार्ड ती पेशंटच्या नाकासमोर धरायची, पुस्तक धरतात तसं. ही बाई तर पुस्तक वाचतच नव्हती. चष्मा एका ठिकाणचा आणि काम दुसऱ्याच ठिकाणी! एवढ्या दिवसांत हे विचारायचं सुचू नये म्हणजे कमाल झाली. तिने स्वतःलाच मनात चार शिव्या हासडल्या आणि काच कमी नंबरची घातली, जरा लांबचं दिसेल अशी.

“आता बरं...” ती म्हणाली आणि जीभ चावली.

दोरा सुईच्या आसपास फिरत राहिला.

“बरं हाय,” बाई म्हणाल्या.

“बाई, दोरा बाहेरच आहे अजून.”

“व्हय, पर बरं हाय.”

केतकीने डोळे मिटून श्वास घेतला. हात टेकले या बाईपुढे! “अहो बाई, मला बरं वाटावं म्हणून नका हो सांगू,” ती म्हणाली. “मला काही वाटू दे. मी चिडले तर चिडू दे. सुई ओवायची आहे तुम्हाला.”

“ओ मॅडम, आम्ही काय मुक्कामाला यायचं का?” बाहेरून आवाज आला.

“या! अंथरूण घेऊन या!” केतकी दाराकडे बघून ओरडली आणि परत वळली. “तुम्ही बघा, बाई. सावकाश.”

बाईंनी सुई जवळ घेतली, लांब नेली, परत मांडीपाशी आणली. वेळ जात होता. केतकीच्या ओठांवर प्रश्न येत होता आणि ती तो गिळत होती. विचारायची सवय हो, ती काय अशी सुटते?

“...न्हाई,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“काय?”

“न्हाई जमत, ताई. ही काच नको.”

केतकीने काच काढली, दुसरी घातली.

“ही बी न्हाई,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता, बाजारात भाव ठरवताना असतो तसा. “ही तर त्याच्यापरीस वंगाळ! काढा, काढा.”

“काढते.” केतकी खोक्यावर वाकली. “अजून बघू.”

“आन् घाई नका करू.”

“नाही करत, बाई.”

मागे स्टूल करकरलं. केतकीने वळून पाहिलं. मुजावर सर उठून पायात चपला सरकवत होते.

“सर? कुठे निघालात? अजून झालं नाही यांचं!”

सर दारापाशी थांबले.

“मी जरा टपरीवर चहा पिऊन येतो,” ते म्हणाले.