तडीपार हात

“हात जिल्ह्यात आला म्हणजे माणूस जिल्ह्यात आला, की नाही? एवढंच सांगा, महाराज.”

धोंडगिरी महाराजांनी डोळे मिटले. ऐकू आलं नव्हतं असं नाही. फौजदार वरपे सकाळपासून हेच विचारत होता, आणि महाराजांच्या वयाला दिवसाला एक प्रश्न म्हणजे पुष्कळ झाला.

“महाराज…”

“हं.”

“हात.”

“बघतोय.”

डोळे मिटूनच.

मठ ओढ्याकाठी, दोन जिल्ह्यांच्या मधोमध. कुण्या काळी एक मोजणीदार भर उन्हात साखळी ओढत इथवर आला आणि कंटाळून त्यानं मठातूनच सरळ रेघ मारून टाकली. तेव्हापासून देव अलीकडच्या जिल्ह्यात आणि देवाचा नैवेद्य पलीकडच्या जिल्ह्यात शिजतो. मधे स्वयंपाकघराचा उंबरा. देवाची तक्रार नव्हती.

तक्रार झाली ती गुलाबची.

नाव गुलाब, अंगात सगळे काटे. बाजाराच्या दिवशी त्यानं दोघांचे जबडे मोडले, एका पानवाल्याची टपरी मोडली, आणि त्याआधीचंही मोडलेलं बरंच होतं. अलीकडच्या जिल्ह्यातून दोन वर्षं तडीपार. गडी उठला आणि मठाच्या चुलीपाशी येऊन बसला. चूल पलीकडच्या जिल्ह्यात. तिथं तो भाकऱ्या थापायला लागला, आणि खरं सांगायचं तर बऱ्या थापायचा.

त्याची आई हौसाक्का मात्र अलीकडे, मठामागच्या खोपटात. म्हातारीचे हात असे थरथरायचे की घास तोंडाला पोचेस्तोवर निम्मा पदरात. म्हणून रोज ती ओसरीवर उंबऱ्याला टेकून बसायची. गुलाब आत बसायचा, आणि हात तेवढा बाहेर काढून तिला भरवायचा.

बूड पलीकडे, हात अलीकडे.

कुणीतरी हे ठाण्यात कळवलं. असा कळवणारा गावोगावी एक असतो. त्याला पगार नसतो, तरी तो रजा म्हणून घेत नाही.

वरपे नवा होता, इस्त्रीचा होता. कायद्याच्या परीक्षेत पहिला आलेला. नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तेव्हा अख्ख्या ठाण्यानं कपाळाला हात लावला. यानं नवे आकडे पाठ केले आणि जुनेही विसरला नाही. चोरीला किती, शिवीला किती, दुसऱ्याच्या शेतात गुरं घातली तर किती… झोपेत विचारलं तरी सांगायचा. बायको विचारायची नाही, तरीही सांगायचा.

पण या हातानं त्याला दमवलं होतं. कोर्टात वकील विचारणार, आरोपी बसला कुठं होता? पलीकडे. मग गुन्हा कुठं घडला? म्हणून त्याला साक्षीदार हवा होता, आणि साक्षीला महाराजांसारखा माणूस नाही. महाराजांनी एकदा ‘आला’ म्हटलं की गुलाबला बेड्या.

बूट चावत होते. ऊन ओसरीवर चढत चाललं होतं.

“शिक्षा किती?” महाराजांनी एकदम विचारलं.

वरपेचा शीण उतरला. “सहा महिन्यांच्या खाली नाही, दोन वर्षांच्या वर नाही. वर दंड.”

“सगळ्या माणसाला?”

“म्हणजे?”

“आला हात. जाणार सगळा?”

“हात सुटा नेता येत नाही, महाराज.”

“हां… अवघड आहे तुमचं.”

आतून गुलाब म्हणाला, “सायब, पाय तेवढे सोडा. त्यांनी काय बी केल्यालं न्हाई.”

“गप रे!”

गुलाबनं हातातली वाटी मांडीवर ठेवली. दुधात कुस्करलेली भाकरी, अजून निम्मी होती. वरपे आल्यापासून घास थांबले होते.

वरपे म्हातारीकडे वळला. आवाज मऊ केला. तसा त्याला तो करता यायचा, प्रशिक्षणात शिकवला होता.

“आजी, तुम्हीच उंबऱ्याच्या आत जाऊन बसा की. दोन पावलं. सगळंच मिटेल.”

“का म्हणून?”

“अहो, तो तडीपार आहे.”

“त्यो हाय. मी हाय का?”

“नाही, पण…”

“मी कुणाचा जबडा मोडलाय? मला दाव.” हौसाक्कानं दोन्ही थरथरते हात त्याच्यापुढं धरले. “माझा मालक ह्याच जिल्ह्यात गेला, मी बी हितंच जाणार. आन् जेवायला तेवढं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ व्हय रं, मुडद्या?”

“आजी, शिक्षा तुम्हाला झालेली नाही.”

“मंग माझं जेवान कशापायी अडिवलंस?”

वरपे महाराजांकडं वळला. 

“मग तुम्ही भरवा की, महाराज,” शेवटी तो म्हणाला.

“भरवलं होतं. मला डोळ्यानं कमी. घास नाकात गेला.” महाराज जरा थांबले. “आठवडाभर शिव्या खाल्ल्या. दोघांच्या.”

“त्या एकट्या माझ्याच व्हत्या,” हौसाक्का म्हणाली. “हा नुसता हसत व्हता.”

महाराज भिंत धरून उठले. गुडघे वाजले. उंबऱ्यापाशी गेले, आतून गुलाबच्या मांडीवरची वाटी उचलली आणि सावकाश, एक थेंब न सांडता, वरपेपाशी आले.

वाटी त्याच्या हातात दिली.

“हे काय?”

महाराज परत आपल्या घोंगडीवर जाऊन बसले. तेवढ्या जाण्यायेण्यानं दमले होते.

वरपे वाटी धरून उभा. टोपी काढून ठेवली. मग परत घातली. मग परत काढली. कोपऱ्यातल्या रांजणाशी जाऊन हात धुतले आणि म्हातारीपुढं मांडी घातली. इस्त्री गेली.

पहिला घास.

“घास हाय का वीट?”

दुसरा घास.

“हात कसला ह्यो, साबण लावून पुसल्यागत. चव गेली सगळी.”

“सायब, बारीक करा,” गुलाब आतून हळूच म्हणाला. “दात न्हाईत तिला. डाव्या गालाला द्या, उजव्या अंगाची हिरडी दुखतीया. आन् मधे पाणी. घाई केलीसा तर ठसका लागंल.”

वरपेनं बारीक केलं. डाव्या गालाला दिलं. पाणी दिलं. म्हातारी एक घास खायची आणि एक गोष्ट सांगायची. गोष्ट संपल्याबिगर तोंड उघडायची नाही. दीर, नणंद, मेलेली म्हैस, पुन्हा नणंद. वरपेचा हात घास धरून हवेत. सक्तमजुरी आणि साधी कैद यांतला फरक तो घडाघडा सांगू शकत होता, पण खांद्यातून निघालेली ही कळ दोन्हींत बसत नव्हती.

त्यानं सहज आत पाहिलं.

गुलाब दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसला होता. आईनं घासासाठी तोंड उघडलं की त्याचंही तोंड उघडायचं. तिनं गिळलं की मिटायचं. दोन जबडे मोडणाऱ्या गड्याला त्याचा पत्ताही नव्हता.

वरपेनं नजर वाटीत घातली.

वाटी संपायला ऊन ओसरीवरून उतरावं लागलं. म्हातारीनं ढेकर दिली, त्याच्याच रुमालाला तोंड पुसलं, भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या जागी झोपली. आभार वगैरे काही नाही.

वरपे उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या.

“महाराज… मी माझं काम करायला आलो होतो.”

“करा की. कोण नको म्हणतंय?”

“हात जिल्ह्यात आला होता. मी डोळ्यांनी पाहिलाय.”

“पाहिलाय खरा.”

“मग… नेऊ त्याला?”

महाराजांच्या आधी गुलाबच उठला. उंबऱ्याशी आला. पाय आत ठेवले आणि दोन्ही मनगटं जोडून बाहेर धरली, थेट फौजदारापुढं.

“न्या सायब. रोज उठून तुमच्या वाटंकडं बघायचा मला बी कटाळा आलाय. घाला.”

वरपेनं कमरेच्या बेड्यांना हात लावला. तो तसाच तिथं राहिला. बोटांना अजून दुधाचा वास येत होता.

“महाराज?”

महाराज घोंगडीवर आडवे झाले होते. उपरणं तोंडावर ओढलं होतं. झोप लागली असावी असं वाटलं, तेवढ्यात उपरण्याखालून आवाज आला.

“न्या. उद्या मात्र जरा लवकर या, फौजदारसाहेब. उजाडलं की भूक लागते तिला.”