इरबाचं कपाट काही पडलं नाही

एका गावात एक भोळा बाप होता. नाव इरबा. स्वभावाने गाय, आणि डोक्यानेही गायच. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही आणि सांगितलेला शब्द कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथेच होती.

इरबाच्या घरात लग्नात आलेलं लोखंडी कपाट होतं. उंच, अरुंद, खाली तीन खण आणि डोक्यावर टीव्ही. इरबाची लेक चिंगी दोन वर्षांची. तिला चालण्यापेक्षा चढणं आवडायचं. एक दिवस तिने खालचा खण ओढला आणि त्यावर पाय दिला. मग वरचा ओढला, त्यावर पाय दिला. कपाट पुढे कललं. टीव्ही सरकला. इरबाची बायको भागू चुलीपासून धावली आणि खांदा लावून तिने कपाट थोपवलं. चिंगी हसत होती. भागूने कपाट सरळ केलं आणि तिला कडेवर घेतलं.

"मी चालले माहेरी," भागू म्हणाली. "पोळ्याला येईन. तवर उंच वस्तू भिंतीला बांधून ठिवा. न्हाई बांधली, तर पोरीला ह्या उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई."

इरबाला रडू फुटलं. चिंगीशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याने डोळे पुसले, दोर घेतला आणि उंच वस्तू शोधायला लागला.

तेवढ्यात भागूचा भाऊ हिरामण आला. बहीण पिशवी विसरली होती, ती न्यायला. हिरामण चांगला सहा फूट. अख्ख्या घरात त्याच्याहून उंच काही नव्हतं. बिचारा भिंतीला टेकून पाणी पीत होता. तांब्या रिकामा होईपर्यंत इरबाने त्याला खुंटीला आवळून टाकलं.

"दाजी, ह्ये काय?"

"उंच वस्तू बांधायला सांगितलीय."

"आन् मी वस्तू हाय व्हय?"

इरबाने विचार केला. "उंच तर हायस."

"माणसं बांधायची नसत्यात, दाजी. कपाट बांधा. आन् जड असंल ते खाली ठिवा, हलकं असंल ते वर."

"असं आधी सांगायचं," इरबा म्हणाला आणि त्याने मेव्हण्याला सोडलं.

इरबा कामाला चोख. त्याने लोखंडी पट्ट्या ठोकून कपाट भिंतीला असं जखडलं, की ते भिंतीचंच झालं. टीव्ही जड, तो खाली आला. ज्वारीचं पोतं जड, ते माळ्यावरून खाली आलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. मग प्रश्न पडला, घरात हलकं काय? हलकी होती इरबाची आई. वयाने वाळून काडी झाली होती. इरबाने तिला अलगद उचललं आणि टीव्हीच्या जागी ठेवलं.

"इरबा, मला खाली उतरव."

"जड झालीस की उतरवतो," इरबा म्हणाला, आणि लगेच दोन भाकरी वर दिल्या.

संध्याकाळी शेजारच्या बाया टीव्ही बघायला आल्या. सवयीने वर तोंड करून बसल्या. म्हातारी लेकाला शिव्या देत होती. मधे जाहिरात नाही, काही नाही. बायांना कार्यक्रम फार आवडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हिरामण बघायला आला. त्याने आधी म्हातारीला उतरवलं. ती जी अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली, ती पुन्हा घरात यायचं नाव घेईना.

"अवो दाजी, आजी वर दिसली तर पोरगी चढंल का न्हाई? पोरीला आवडतं असं काय बी वर ठिवायचं नसतं."

"असं आधी सांगायचं," इरबा म्हणाला.

चिंगीला काय आवडतं? देवळातली घंटा. ती वाजवायला रोज बापाच्या खांद्यावर चढायची. इरबा तसाच उठला आणि घंटा काढून घेऊन आला. पण ठेवायची कुठे? जमिनीवर ठेवावी तर देवाच्या वस्तूला पाय लागेल. शेवटी त्याने ती बैलाच्या गळ्यात बांधली. तसाही उद्या पोळाच होता.

पोळ्याच्या सकाळी हिरामण पुन्हा आला. त्याने कपाट हलवून पाहिलं. कपाट हललं, पण एकटं नाही. सगळी भिंतच हलली. भिंत होती तुरकाट्यांच्या कुडाची, वर मातीचा लेप.

"दाजी, ह्या भिंतीचा काय भरवसा? जागचं हलत न्हाई असं कायतरी बघा आन् त्याला बांधा."

"असं आधी सांगायचं," इरबा म्हणाला. हिरामण बहिणीला आणायला वेशीकडे गेला.

जागचं न हलणारं काय, हे इरबाला कुणाला विचारावं लागलं नाही. त्याचा बैल मंगळ्या. औताला जुंपला तरी उभा, शेपूट पिरगाळलं तरी उभा. गाव म्हणायचं, डोंगर हलेल पण इरबाचा मंगळ्या हलायचा नाही. कालपासून गळ्यात देवळाची घंटा होती, पण ती एकदाही वाजली नव्हती. इरबाने कुडाला भोक पाडलं, कपाटाला दोर बांधला, भोकातून बाहेर काढला आणि मागे उभ्या असलेल्या मंगळ्याला पक्का बांधला. मग समाधानाने बिडी पेटवली.

वेशीत हलगी वाजली. मंगळ्याने कान टवकारले, मान हलवली. देवळाची घंटा त्याच्या हनुवटीखाली घणघणली. असलं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो उधळला.

दोर तुटला नाही. पट्ट्या निघाल्या नाहीत. भिंत कपाटासकट बाहेर आडवी झाली आणि मंगळ्याच्या मागोमाग पोळ्याला निघाली. भिंतीवर कपाट उताणं पडलेलं, शेजारी खिळ्याला कॅलेंडर फडफडत होतं. गावच्या बैलांच्या अंगावर झुली होत्या. मंगळ्याच्या मागे अख्खी भिंत होती.

मंगळ्या थांबला तो थेट वेशीत, भागूसमोर. दर पोळ्याला तीच त्याला पुरणपोळी भरवायची. एका म्हातारीने मंगळ्याला ओवाळलं आणि हातासरशी कपाटालाही कुंकू लावलं. चिंगी आईच्या कडेवरून उतरली, कपाटावर चढली आणि त्यावर नाचायला लागली. कपाट जागचं हललं नाही.

इरबा धापा टाकत आला. आनंदाने त्याला नीट बोलता येईना.

"बघ, भागू. भिंतीपासून बोटभर सुटलं न्हाई. आता पोरगी किती बी नाचू दे, पडायचं न्हाई."

भागूने त्याच्या खांद्यावरून घराकडे पाहिलं. छप्पर हळूहळू खाली बसत होतं.

"मी म्हणलं हुतं," ती म्हणाली, "घर नीट केल्याबिगर पोरीला उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई."

इरबाने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मग चल की बिनघोर," तो म्हणाला. "उंबरा तेवढा जाग्यावर हाय. आत आता ऱ्हायलंच न्हाई."