पाणवठ्याची अट

चांदणी नदीकाठी वरून खाली अशी तीन राज्यं होती. तिघांनी मिळून कापडाचा व्यापार वाढवायचं आणि नदीकाठी कापड रंगवण्याच्या रंगशाळा बांधायचं ठरवलं. करारावर मुद्रा उमटवायला तिन्ही राजे जमले, तेव्हा सर्वांत खालच्या राज्यातली सगुणा कोळीणही तिथे पोचली. रंगाचं पाणी नदीत उतरलं की मासे मरणार आणि आपल्या वस्तीच्या चुली थंडावणार, हे तिला दिसत होतं.

तिचं गाऱ्हाणं ऐकून वरच्या राज्याचे प्रधान त्र्यंबकपंत हसले. "बाई, वाहतं पाणी आपोआप निवळतं. तरी तुझी एखादी अट असेल तर सांग, लिहून घेतो."

सगुणा शांतपणे म्हणाली, "पंत, रंगशाळा खुशाल बांधा. फक्त एवढं लिहा, की प्रत्येक राजवाड्याचं पिण्याचं पाणी आपापल्या रंगशाळेच्या खालच्या अंगाला भरायचं."

पंतांची लेखणी थांबली. "म्हणजे महाराजांनी रंगाचं पाणी प्यायचं?"

"निवळतं ना ते? तुम्हीच म्हणालात."

सभेत खसखस पिकली. पंतांचे महाराजच सर्वांत मोठ्याने हसले आणि ती अट त्यांनी करारात पहिली लिहायला लावली.

रंगशाळा तिन्ही राज्यांत झाल्या, पण नदीपासून लांब माळावर, आणि रंगाचं पाणी जिरवायला तिथेच तळी खोदली गेली. कापड दूरदेशी गेलं, सगुणाच्या जाळ्यातली मासळीही टिकली. राजवाड्याच्या घागरी भरण्याआधी रोज पाणी चाखून पाहण्याचं काम मात्र महाराजांनी त्र्यंबकपंतांकडेच सोपवलं.