येसबाची गाडी मिस मारते

घाटाखालच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. त्याच्याकडे एक जुनी मोटार होती आणि एक चांगली सवय होती. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. मोटारीपेक्षा त्या सवयीनंच जास्त नुकसान व्हायचं.

एके दिवशी त्याची थोरली बहीण शेवंताक्का आली. म्हणाली, "रविवारी आपल्या सुहासचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीसचा. तुझ्या भाच्याला तुझ्याच गाडीतून मांडवात आण. जन्मात एक काम धड कर, येसबा."

"करतो अक्का," येसबा म्हणाला. एवढं मोठं काम त्याच्यावर आजवर कुणी टाकलं नव्हतं.

आणि सोमवारीच गाडी मिस मारायला लागली. चालता चालता फट् करायची, आचका द्यायची. दाऊदमिस्त्रीनं इंजिनातला प्लग काढून दाखवला. "काजळी धरलीय बघ. ठिणगी पडणार कशी? काळं दिसलं की पॉलिश पेपरनं घासायचं."

येसबानं प्लग घासला. गाडी चालली. घरी आला तर चुलीपाशी बायकोचा बिडाचा तवा. काळाकुट्ट. येसबानं तो तासभर घासून आरशासारखा केला.

त्या रात्री एक घावन तव्यावरून सुटेल तर शपथ.

"वीस वर्षं मुरवलेला तवा होता हो माझा," इंदू म्हणाली. "काळ्याला घासायचं नसतं. तेल पाजायचं असतं."

"असं होय," येसबा म्हणाला. "आता पाजत जाईन."

बुधवारी गाडी पुन्हा फट् झाली. प्लग काळा. येसबानं त्याला पळीभर खोबरेल पाजलं. गाडीनं ढीगभर धूर सोडला आणि बसली ती बसलीच.

मिस्त्रीनं प्लग काढून उलटा धरला, तेल निथळू दिलं. मग म्हणाला, "येसबा, तेलकट दिसलं की पेट्रोलचा बोळा घ्यायचा आणि पुसून काढायचं. लक्षात राहील?"

राहिलं. शनिवारी सुहासला हळद लागली. भाचा पाटावर नखशिखांत तेलकट बसलेला. येसबानं पेट्रोलचा बोळा आणला आणि त्याला मानेपासून टाचेपर्यंत लख्ख पुसलं. मग निरांजन घेऊन त्याच्याजवळ जायला कुणी धजेना. बायकांनी त्याला चार हातांवरूनच ओवाळलं.

रविवारी सकाळी गाडी पुन्हा आचके देऊ लागली. या वेळी मिस्त्रीनं खरी मेख सांगितली. "इंजिन चालू ठेव. एकेक प्लगची वायर काढून बघ. काढल्यावर आवाज पडला, तर तो प्लग कामाचा. परत जोड. काढूनही काही फरक पडला नाही, तर तोच खराब. काढून टाक, नवा बसव."

येसबानं तसंच केलं. तिसरा प्लग खराब निघाला. नवा बसवला. गाडी लोण्यासारखी चालू लागली.

अक्का वऱ्हाडाच्या बसनं पुढं गेली होती. येसबाच्या गाडीत नवरदेव आणि त्याचे काका अन् आत्या बसले. वेशीपासूनच मानपानावरून काका-आत्याची कटकट सुरू झाली. येसबानं कान दिला. गाडीत बिघाड होता. या वेळी मागच्या सीटवर होता.

इंजिन चालू ठेवून त्यानं गाडी थांबवली. "काका, जरा उतरा." काका उतरले. आवाज निम्मा झाला. कामाचे. परत बसवले. "आत्याबाई, जरा उतरता?" आवाज पार पडला. फारच कामाच्या. परत बसवल्या.

मग त्यानं सुहासला उतरवलं. सुहास सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. भाचा मामावरच गेलेला, सांगितलं तिथं मुंडावळ्या सावरत उभा राहिला. आत कटकट जशीच्या तशी. येसबानं नीट कान देऊन खात्री केली. काडीचा फरक नव्हता.

तो समाधानानं गाडीत बसला आणि निघाला.

बारा पंचवीसला गाडी मांडवापुढं उभी राहिली. सनई सुरू झाली. अक्कानं कौतुकानं दार उघडलं. काका-आत्या भांडतच उतरले. अक्कानं आत वाकून पाहिलं, सीटखालीसुद्धा पाहिलं.

"येसबा, नवरदेव कुठाय?"

"तो खराब निघाला, अक्का," येसबा हात पुसत म्हणाला. "काढून टाकला. पण तू घाबरू नको. मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत, नवा बसवून घेऊ."