मगदूमच्या गाडीपेक्षा खाली

जयसिंगपुरात सुहास आवटी नावाचा एक कारखानदार राहत असे. द्राक्षांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा त्याचा कारखाना होता. माणूस कष्टाळू होता, बोलायलाही गोड होता. खोड एकच होती. जिनेंद्र मगदूमकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय स्वतःकडचं त्याला गोड लागत नसे.

जिनेंद्र हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो विहिरींवरच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करी. दोघांनाही गाड्यांचं वेड होतं. सुहासने एक नवीकोरी पिवळी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन दारांची, चकचकीत, तालुक्यात तशी दुसरी नाही. थोड्या दिवसांनी जिनेंद्रनेही एक जुनी रुपेरी स्पोर्ट्‌स कार आणली आणि स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करून उभी केली.

एका रविवारी दोन्ही गाड्या चहाच्या टपरीसमोर शेजारी शेजारी उभ्या होत्या. टपरीवाला सुहासला म्हणाला, "मगदूमांची गाडी बघा कशी बसलीय. जमिनीला चिकटल्यासारखी. तुमची जरा उभी वाटते."

सुहासने हसून मान हलवली. पण त्याचा चहा कपातच राहिला. जिनेंद्र पाणी आणायला वळला तेव्हा त्याने वाकून जिनेंद्रच्या गाडीचा टायर आणि वरचा मडगार्ड यांच्यामधली फट बोटांनी मोजली. दोन बोटं. मग स्वतःच्या गाडीची मोजली. पाच.

दुसऱ्या दिवशी तो याकूब मिस्त्रीकडे गेला. याकूबभाईंनी तीस वर्षं गाड्यांखाली काढली होती. सुहास म्हणाला, "जिनेंद्रला तुम्ही स्प्रिंगा बसवून दिल्या ना? मला तशाच हव्यात."

याकूबभाईंनी एक नवी स्प्रिंग काढून दाखवली. तिच्या खाली आटे असलेली एक नळी होती आणि आट्यांवर एक जाड रिंग. "ही रिंग एका बाजूला फिरवली की गाडी खाली बसते, उलटी फिरवली की वर उचलते," ते म्हणाले. "उंची आपल्या हातात राहते. फक्त ही लाल खूण आहे ना, तिच्या खाली जायचं नाही. आता मला सांगा, गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते?"

"जिनेंद्रने किती खाली ठेवलीय?" सुहासने विचारलं.

"त्यांचं राहू द्या. तुमच्या कारखान्याच्या रस्त्याला स्पीडब्रेकर किती?"

"त्याची दोन बोटांवर आहे. माझी एका बोटावर आली पाहिजे."

याकूबभाईंनी स्प्रिंग खाली ठेवली. "शेजारी वहिनी बसणार, कधी घाट लागणार. एका बोटावर टायर आत घासेल, सुहासराव. खुणेच्या खाली मी नाही घेणार."

सुहासला राग आला. जिनेंद्रनेच मिस्त्रीला फितवलं असणार, असं त्याच्या मनात आलं. स्प्रिंगा मात्र त्याने पैसे मोजून उचलल्या आणि सांगलीच्या रस्त्यावरच्या एका दुसऱ्या गॅरेजमध्ये नेल्या. तिथल्या माणसाने काही विचारलं नाही. रिंग लाल खुणेच्या खाली, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून दिली. पिवळी गाडी एका बोटावर बसली.

दोन दिवसांनी जिनेंद्र कारखान्यावर आला. गाडीभोवती फिरून त्याने चाकाच्या कमानीत हात घातला आणि म्हणाला, "सुहास, ही फार खाली गेलीय. रिंग फिरवायचा पाना आहे माझ्याकडं. संध्याकाळी ये, वर घेऊ."

"बघतो," सुहास म्हणाला. मनात मात्र तो म्हणाला, माझी वर झाली की तुझीच खाली दिसेल, एवढं कळतं मला.

पुढच्या रविवारी गावातल्या हौशी लोकांनी कॉलेजच्या मैदानावर गाड्यांचा मेळावा भरवला. तिथून सगळे पन्हाळ्याला जाणार होते. मैदानावर सुहासची गाडी सगळ्यांत खाली होती. लोक वाकून पाहत होते, फोटो काढत होते. टपरीवालाही आला आणि म्हणाला, "आता खरी बसली." सुहासने सगळ्यांच्या खांद्यांवरून जिनेंद्रकडे पाहिलं. जिनेंद्र आपल्या गाडीजवळ एकटाच उभा होता. सुहासला आत कुठेतरी गार वाटलं.

निघायची वेळ झाली तेव्हा जिनेंद्र म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं." हरला, सुहासला वाटलं. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून मागे राहिला.

सुहासच्या शेजारी त्याची बायको पद्मजा बसली होती. ती लग्नाचे ब्लाउज शिवत असे. पार कोल्हापूरहून तिच्याकडे कापड येई. घाट चढताना ती म्हणाली, "अहो, रबर जळल्यासारखा वास येतोय."

"पुढच्या गाडीचा असेल," सुहास म्हणाला. प्रत्येक वळणावर चाकाच्या कमानीतून खरखर ऐकू येत होती. त्याने गाणी मोठी केली.

पन्हाळ्यावर सगळ्यांनी झुणका-भाकर खाल्ली. जिनेंद्र आला नाही. सुहासने चार जणांना तो का आला नसेल ते आपल्या परीने सांगितलं, आणि चार जण हसले. उतरताना एका वळणावर समोरून रुपेरी गाडी वर येताना दिसली. सुहासची नजर सरळ तिच्या चाकांवर गेली. फट मोठी होती. चार बोटं तरी असेल. हे कसं, असं म्हणत त्याने मान वळवली. तेवढ्यात रस्त्यातल्या एका खोलगट जागेवर गाडी आपटली. दिवसभर घासून पातळ झालेला पुढचा टायर फुटला. गाडी कठड्यावर जाऊन धडकली.

दरीकडचा कठडा मजबूत होता म्हणून दोघं वाचले. पद्मजाने आधारासाठी उजवा हात पुढे टाकला होता. मनगट वेडंवाकडं झालं होतं.

जिनेंद्र गाडी थांबवून धावत आला.  त्याने पद्मजाला आपल्या गाडीत पुढे बसवलं. मागची सीट नावापुरती होती, तिथे सुहास अंग चोरून बसला. खाचखळग्यांवरून गाडी अलगद उतरत होती. पद्मजाला फारसा हिसका बसत नव्हता. सुहास मागून म्हणाला, "तुझी तर दोन बोटांवर होती."

"ती मैदानावर," जिनेंद्र म्हणाला. "घाटात यायचं म्हणून चारी चाकांची वर घेतली. त्यातच उशीर झाला. वर-खाली करता यावी म्हणून तर असल्या स्प्रिंगा घ्यायच्या."

कोल्हापूरच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर झालं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तीन महिने सुई धरायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भेटायला आलेले लोक म्हणाले, हल्ली टायरच खराब येतात. सुहासने त्यांना तसंच म्हणू दिलं. ते सोयीचं होतं. पण लोक गेल्यावर तो पद्मजाजवळ बसला आणि म्हणाला, "टायर चांगला होता. याकूबभाईंनी मला नको म्हणून सांगितलं होतं. जिनेंद्रनेही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

 पद्मजा म्हणाली, "मी तुमच्या शेजारी बसले होते. वास येतोय म्हणून मीही सांगत होते. आणि तुम्ही त्याच्या चाकांकडं बघत होतात."



लग्नसराई तोंडावर होती. शिवायला आलेली कापडं घराघरांत परत द्यायची होती. तो कारखान्यातला माणूस पाठवू शकला असता. पण स्वतःच गेला. स्कूटरवर पिशव्या अडकवून दारोदार फिरला. प्रत्येक घरात बायका विचारीत, काय झालं वहिनींना? आणि प्रत्येक घरात तो एकच सांगे, "मी हट्टाने गाडी नको तितकी खाली घेतली. त्यात तिचा हात मोडला." पहिल्या घरी हे बोलणं त्याला फार अवघड गेलं. पुढच्या घरांतही काही सोपं गेलं नाही.

शेवटची पिशवी जिनेंद्रच्या बायकोची होती. जिनेंद्रने त्याला आत बसवलं, चहा सांगितला. सुहासने त्याचे आभार मानले. पन्हाळ्यावर त्याच्याविषयी काय काय बोललो तेही सांगून टाकलं.

जिनेंद्रने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझी पिवळी गाडी गावात आली ना, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेवढी नवी गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती. तुझ्या शेजारी माझी जुनी गाडी कशात तरी उठून दिसावी म्हणून मी त्या स्प्रिंगा मागवल्या. नाहीतर कशाला लागत होत्या मला?"

 चहा संपल्यावरही सुहास तिथेच बसून राहिला.

तात्पर्य इतकेच: दुसऱ्याचे पाहून आपले माप ठरवू नये. त्याने ते कशासाठी घेतले हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आपल्या मत्सराची किंमत बहुतेक वेळा आपल्या शेजारी बसलेले माणूस देते.